फुटलेला चेंबर आणि अट क्रमांक चार: एका मोटार विमा दाव्याचं प्रकरण

विमा कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं, दीड पानाचं. त्यातलं कामाचं वाक्य एकच. इंजिनाचं नुकसान अपघातामुळे थेट झालेलं नाही, ते अपघातानंतर गाडी चालवल्यामुळे झालं आहे, म्हणून पॉलिसीच्या अट क्रमांक ४ नुसार देय नाही. बाकी सगळं ‘आमचे सन्माननीय ग्राहक’ वगैरे. या एका वाक्यापायी साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचे सत्तर हजार रुपये अडकले होते.

ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात अशी पत्रं नेहमी हातात येतात. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की यात कंपनी पूर्ण खोटी नव्हती आणि सरही पूर्ण बरोबर नव्हते. बहुतेक दावे असेच असतात. आपण मात्र भांडायला जातो ते ‘कंपन्या सगळ्या चोर’ एवढ्याच भांडवलावर, आणि तिथेच हरतो. माणसांची, कंपनीची, वर्कशॉपची नावं मुद्दाम देत नाही. रकमा जीएसटी धरून आहेत आणि समजायला सोपं जावं म्हणून गोल केल्या आहेत.

उतारावर काय झालं

डिसेंबर २०२४. सर पुतण्याबरोबर पुण्याला मुलीकडे निघाले होते. गाडी सरांच्या नावावर, जून २०२१ ची, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक. चालवत होता पुतण्या, त्याचं लायसन्स चालू होतं. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो, त्याची ख्याती पुणेकरांना सांगायला नको. डिझेल वाचवायला अवजड गाड्या न्यूट्रलवर सोडल्या जातात, ब्रेक तापतात आणि पुढे वाहतूक तुंबलेली असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने इथे ४८ वाहनांना ठोकरल्याच्या बातम्या अनेकांना आठवत असतील.

त्या मानाने सरांचा अपघात किरकोळ. पुढचा टेम्पो थांबला म्हणून पुतण्या थांबला, मागच्या मालट्रकला थांबता आलं नाही. ट्रकने गाडी टेम्पोवर ढकलली. त्या दणक्यात गाडी तिरकी होऊन पुढचं चाक काँक्रीटच्या कडेवर चढलं आणि धाडकन खाली आलं. मागची काच फुटली, दिक्की आत गेली, पुढे बंपर, बॉनेट, रेडिएटर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पुतण्याने उतरल्या उतरल्या मोबाइलवर फोटो काढले. ट्रकचा नंबर, टेम्पोचा नंबर, गाडी चारी बाजूंनी. तोवर वाहतूक पोलीस आले. ‘गाडी चालू होतीय ना? मग बाजूला घ्या आधी, मागं बघा किती रांग लागलीय.’ गाडी चालू झाली. पुतण्याने ती सेवा रस्त्यावर नेली. अंतर फार तर तीनचारशे मीटर. मध्येच ऑइलचा लाल दिवा लागला. तो त्याने पाहिला, पण उतारावर मधल्या लेनमध्ये पुन्हा थांबायची त्याची हिंमत झाली नाही. सेवा रस्त्याला लागता लागता इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. पुन्हा किल्ली फिरवली तर फिरेना.

थोड्या वेळाने ट्रकमालकाचा फोन. ‘गुरुजी, वीस हजार देतो, कागद करून टाकू, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता?’ सरांनी नको म्हटलं, स्वभावानेच. ते किती शहाणपणाचं होतं हे त्यांना नंतर कळलं. तुमच्या कंपनीने तुम्हाला भरपाई दिली की ती रक्कम ट्रकवाल्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत, तर तो हक्क तुम्ही परस्पर सोडून दिला म्हणून कंपनी तुमच्याच दाव्यावर बोट ठेवू शकते. आणि वीस हजारांत एक बाजूसुद्धा सरळ झाली नसती.

पोलीस ठाण्यात, कोणी जखमी नाही म्हटल्यावर, गुन्हा नोंदवायला फारसा उत्साह नसतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकार वाहन चालवण्याचं, इथे लागू शकतं, पण ‘इन्शुरन्ससाठी पाहिजे ना? मग डायरीला नोंद करतो’ यावर बहुतेकांची बोळवण होते. सरांचीही झाली. मात्र त्या स्टेशन डायरीच्या नोंदीत पुतण्याने सांगितलं ते सगळं जसंच्या तसं उतरलं: ट्रकचा नंबर, वेळ, ठिकाण, आणि ‘वाहतूक अंमलदारांच्या सांगण्यावरून वाहन सेवा रस्त्यावर घेतले’. सरांनी अर्ज करून नोंदीची प्रत घेतली. या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद तोच ठरला.

कोऱ्या फॉर्मवरची सही

क्रेनने गाडी कंपनीच्या यादीतल्या कॅशलेस, म्हणजे मंजूर रक्कम कंपनीकडून परस्पर घेणाऱ्या, वर्कशॉपला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोल-फ्री क्रमांकावर कळवून क्लेम नंबर मिळाला. वर्कशॉपमधल्या अॅडव्हायजरने क्लेम फॉर्म पुढे केला. ‘सर, इथं, इथं आणि मागं सही करा. बाकीचं मी भरतो.’ सरांनी आयुष्यभर मुलांना उत्तरपत्रिकेवर आधी नाव लिहायला लावलं, पण इथे त्यांनी कोऱ्या कागदावर सही केली.

फॉर्ममध्ये अपघाताचं वर्णन लिहायला तीन ओळींची जागा असते. अॅडव्हायजरने लिहिलं: मागून ट्रकने धडक दिली, पुढे टेम्पोवर आदळली, त्यानंतर गाडी चालवत नेली असता इंजिन गरम होऊन बंद पडले. काँक्रीटची कड नाही, पोलिसांचं सांगणं नाही, ऑइलचा दिवा नाही. ‘गरम होऊन’ हे तर झालंच नव्हतं. त्याने हे खोडसाळपणे लिहिलं नाही. त्याला दिवसभर हेच फॉर्म भरायचे असतात, रेडिएटर फुटलेला दिसला की इंजिन गरम झालं असणार, हा त्याच्या हाताचा सराव. पण सही सरांची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही सरांचीच जबानी.

मला विचाराल तर अख्ख्या दाव्यात गाडीमालकाने स्वतः लिहायची जागा हीच. बाकी सगळं इतर लोक लिहितात. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, जागा पुरत नसेल तर कागद जोडा. क्रम बिनचूक हवा: कशाने काय फुटलं, मग कोणी काय सांगितलं, मग काय झालं.

नुकसान पन्नास हजारांच्या वर असलं की परवानाधारक सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासून रक्कम ठरवणारा माणूस, नेमावाच लागतो. इथे आलेले सर्व्हेयर अनुभवी होते, बोलायला सौम्य. बॉडीचं काम त्यांनी तासाभरात तपासून मंजूर केलं. इंजिनाबाबत म्हणाले, ‘खोलून दाखवा.’ इंजिन खोलायच्या आधी वर्कशॉप ग्राहकाकडून लिहून घेतं, की दावा मंजूर झाला नाही तर खोलाजोडीची मजुरी ग्राहकाची. सरांनी तेही दिलं. खोलल्यावर दिसलं: ऑइलचा चेंबर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं) तडकलेला, बेअरिंगं चाटलेली, क्रँकवर (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्यावर) ओरखडे. सर्व्हेयरनी समोरचा फॉर्म वाचला, क्रँक पाहिला आणि इंजिनाचा पूर्ण रकाना शून्य केला.

हिशोब

सरांचा पहिला राग इंजिनावर नव्हता, ‘बिल पावणेतीन लाखांच्या वर आणि कंपनी देतेय एक लाख चाळीस’ यावर होता. म्हणून आधी हिशोब मांडला. तो मांडल्याशिवाय भांडण कुठे करायचं हेच कळत नाही.

बॉडीचं काम एक लाख एकोणनव्वद हजारांचं. त्यात धातूचे भाग ८२,०००. गाडी तीन वर्षांहून जुनी आणि चार वर्षांच्या आतली, म्हणून धातूवर २५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची कपात, मिळाले ६१,५००. बंपर, दिवे, पंख्याची जाळी अशा प्लास्टिक-रबराच्या वस्तू ४६,०००. यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के घसारा, मिळाले २३,०००. काचेवर घसारा नसतो, ९,००० पूर्ण. मजुरी २८,००० पूर्ण. रंगकाम २४,०००; एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचं साहित्य धरतात आणि त्या साहित्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे ३,००० वजा, २१,००० मिळाले. बेरीज १,४२,५००. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० आणि भंगाराचे १,५०० गेले. उरले १,४०,०००.

यात सर्व्हेयरनी एक रुपयाही जास्त कापलेला नव्हता. सरांना हे पटवायला वेळ लागला. ‘अहो, पण मागच्या वर्षी पॉलिसीत सगळं कव्हर होतं ना?’ मागच्या वर्षी होतं. २०२१ ला गाडी घेताना शोरूमने झीरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण) घातलेलं होतं, ते दरवर्षी चालू राहिलं. जून २०२४ मध्ये तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीचा) संपला, तो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असे दोन्ही एकत्र घ्यायचे म्हणून हप्ता फुगला, आणि पुतण्याने मोबाइलवर नूतनीकरण करताना ‘अॅड-ऑन’वरची खूण काढून टाकली. घसाऱ्यापोटी गेलेले साडेशेहेचाळीस हजार त्या एका खुणेचे. त्यावर कंपनीशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि आम्ही भांडलो नाही.

‘टोटल लॉस’चाही विषय निघाला, कारण वर्कशॉपमध्ये कोणीतरी सरांच्या कानात तसं सोडून दिलं होतं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात ठरलेली किंमत, ४,२०,०००. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मोजून त्याच्या ७५ टक्क्यांच्या वर, इथे ३,१५,००० च्या वर, गेला तर गाडी पूर्ण निकामी धरतात. इंजिन धरूनही बिल २,८१,००० होतं. तो विषय तिथेच मिटला.

राहिलं इंजिन: ९२,०००. त्यात भाग ७०,०००, मजुरी १८,०००, ऑइल-कूलंट ४,०००. ऑइल-कूलंट साध्या पॉलिसीत मिळत नाही. भागांवर २५ टक्के घसारा गेला तर ५२,५०० आणि मजुरी, मिळून ७०,५००. भांडण एवढ्याचंच होतं, आणि त्याच्यासाठी पत्रातलं ते एकच वाक्य खोडायचं होतं.

अट क्रमांक ४

खासगी मोटारीच्या पॉलिसीतली ही अट बहुतेक कंपन्यांची सारखीच असते. कंपनीने तिचा शेवटचा भाग उचलला होता: आवश्यक दुरुस्ती करण्याआधी वाहन चालवलं, तर त्यामुळे वाढलेलं किंवा पुढे झालेलं नुकसान विमाधारकाच्या जोखमीवर. पण अटीची सुरुवात वेगळीच आहे. वाहनाचं नुकसान होऊ नये म्हणून विमाधारकाने सगळी वाजवी काळजी घ्यायची, आणि अपघातानंतर योग्य खबरदारी न घेता वाहन तसंच टाकून जायचं नाही. आता नवले पुलाच्या उतारावर, मागून आणखी ट्रक येत असताना, मधल्या लेनमध्ये गाडी उभी ठेवणं ही कुठली वाजवी काळजी? तीच अट दोन गोष्टी मागते, आणि पुतण्याने पोलिसांच्या सांगण्यावरून त्यातली पहिली पाळली. हा युक्तिवाद मला पक्का वाटला.

त्याहून सोपा मुद्दा सर्व्हेयरच्या अहवालातच होता. (अहवालाची प्रत मागितली तर द्यावी लागते. सरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.) अहवालात लिहिलं होतं, की चेंबरला बाहेरून आघाताची खूण आहे. म्हणजे चेंबर अपघातातच फुटला हे कंपनीच्या माणसानेच मान्य केलं होतं. तरी चेंबर, गाळणी, पॅकिंग आणि त्यांची मजुरीसुद्धा ‘नंतरचं नुकसान’ म्हणून शून्य. अट वाढलेल्या नुकसानापुरती आहे. आधी झालेलं नुकसान तिच्याखाली कसं जाईल?

आता आमच्या विरुद्ध काय होतं, तेही पाहू. लाल दिवा. ऑइलचा दिवा लागला की इंजिन बंद करायचं, हे कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात, आणि पुतण्याने तो पाहिल्याचं स्वतः कबूल केलं होतं. सुनावणीत हे लपवायचं नाही, असं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटायला लागतात.

म्हणून प्रश्न एवढाच उरला: किती ऑइल कधी गेलं? धडकेच्या जागीच सगळं सांडलं असेल, तर पुढचे तीनशे मीटर ही अपघाताचीच शेपटी. हळूहळू गळत असताना माणूस आरामात गाडी चालवत गेला असेल, तर कंपनीचं म्हणणं खरं.

उत्तर पुतण्याच्या फोनमध्ये होतं आणि त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. टेम्पोच्या नंबर प्लेटचा एक फोटो होता. नंबर नीट यावा म्हणून तो वाकून काढलेला, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात सरांच्या गाडीच्या पोटाखालचा रस्ता आला होता. तिथे काळा, चकाकणारा डाग, परातीएवढा, आणि त्याच्या कडेने निघालेला एक ओघळ. शेजारच्या फोटोत काँक्रीटच्या कडेवर ताजा चंदेरी ओरखडा, अॅल्युमिनियम घासल्याचा. फोटोच्या तपशिलात वेळ होती, ती पोलीस यायच्या आधीची. गाडी तोवर जागची हललेली नव्हती.

दुसरा पुरावा खुद्द चेंबर. कंपनीने ज्या भागांचे पैसे दिले त्यांचं भंगार कंपनीचं, पण नाकारलेल्या भागांचं भंगार तुमचंच असतं. वर्कशॉपमध्ये ते दोन आठवड्यांत गायब होतं. सरांनी चेंबर मागून घेऊन घरी माळ्यावर ठेवला होता, ‘एवढ्या महागाची वस्तू टाकायची कशी’ म्हणून. वर्कशॉपने लेखी मत द्यायला नकार दिला, आणि ते समजण्यासारखं आहे; त्यांचा कॅशलेसचा धंदा त्याच कंपनीवर चालतो. मग एका स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याकडून पानभर मत घेतलं: तडा बाहेरून आत दबलेला, घासल्याच्या रेघा एका दिशेच्या, तड्याची लांबी पाहता ऑइल काही क्षणांत निघून जाणार. फोटो जोडले, सही-शिक्का घेतला.

व्हाउचर

या सगळ्याच्या आधीच एक अडचण येऊन गेली होती. गाडी तयार झाली, पण डीओ येत नव्हता. वर्कशॉपच्या भाषेत डीओ म्हणजे कंपनी किती देणार याचं अंतिम पत्र; ते आल्याशिवाय गाडी हलत नाही. तो आला तोच व्हाउचर घेऊन. त्यावर ‘पूर्ण व अंतिम भरपाई म्हणून स्वीकारले’ असं छापलेलं. सही केली नाही तर गाडी अडकणार, केली तर पुढे बोलायची सोय नाही, असं सरांना वाटलं.

इथे सरांनी मुलीच्या सांगण्यावरून सहीखाली हाताने लिहिलं, ‘इंजिनाच्या रकमेबाबत हरकत कायम ठेवून’, आणि त्याचा फोटो काढून कंपनीला ईमेल केला. अशी ओळ लिहायची राहून गेली तरी सगळं संपत नाही. नुसत्या व्हाउचरवरच्या सहीमुळे ग्राहकाचा हक्क जात नाही, सही दबावाखाली किंवा नाइलाजाने घेतली गेली हे दाखवता आलं तर दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण ते दाखवत बसण्यापेक्षा ओळ लिहिलेली बरी.

तक्रार

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. पत्र दोन पानांचं ठेवलं. घसाऱ्याचा उल्लेखही केला नाही. फक्त इंजिन, फक्त अट ४, आणि जोडपत्रं: डायरीची नोंद, दोन फोटो, अभियंत्याचं मत, सर्व्हे अहवालातलं ते वाक्य अधोरेखित करून. शेवटी दोन निकाल. सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असतो पण तो शेवटचा शब्द नसतो, हा २००९ चा न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार. आणि अपवादाच्या अटीवर बोट ठेवून दावा नाकारायचा तर ती अट लागू होते हे सिद्ध करायचा भार कंपनीवर, हा २००७ चा नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदनलाल. निकालांचे गठ्ठे जोडले नाहीत. वाचणारा ते वाचत नाही.

उत्तर आलं ते जुन्याच वाक्याचं, पण एक नवी शेपूट लावून: शिवाय अपघाताची माहिती तात्काळ न देता दुसऱ्या दिवशी दिली. हे वाचून मला उलट बरं वाटलं. ज्याची बाजू भक्कम असते तो नवी कारणं शोधत नाही. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारू नका, असं विमा कंपन्यांची नियामक असलेल्या इर्डाईने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सगळ्या कंपन्यांना बजावलेलं आहे. आणि नाकारण्याच्या मूळ पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

तिथून विमा लोकपाल. ग्राहक आयोगाचा रस्ताही होता, पण या रकमेला लोकपाल बरा: फी नाही, वकील चालत नाही (कंपनीचाही नाही, हे विशेष), पन्नास लाखांपर्यंतचे वाद घेतले जातात, आणि निवाडा दिला तर कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. कंपनीचं अंतिम उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. साताऱ्यासाठी कार्यालय पुण्याचं, नारायण पेठेतलं. तक्रार ऑनलाइनही करता येते.

सुनावणी शांत झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने फॉर्ममधलं ‘गरम होऊन’ वाचून दाखवलं. त्यावर लोकपालांनी विचारलं, तापमान वाढल्याची काही खूण इंजिनात सापडली का, हेड वाकलं होतं का, पॅकिंग जळलं होतं का? अहवालात त्यातलं काहीच नव्हतं. मग पुतण्याला विचारलं, दिवा कधी लागला? त्याने सांगितलं, ‘निघाल्या निघाल्याच. पण मागनं गाड्या येत होत्या, थांबायची भीती वाटली.’ कोणी त्याला आणखी छेडलं नाही.

कंपनीने तिथेच तडजोडीची तयारी दाखवली. एकाच गोष्टीवर अडून राहिली: क्रँक बदलायची गरज नव्हती, ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, चालला असता. क्रँकची किंमत २२,०००, घसारा जाऊन १६,५००. यात तथ्य होतं. वर्कशॉपवाले नवा भाग टाकतात कारण त्यांना हमी द्यायची असते. बाहेरचा लेथवाला तोच क्रँक ग्राइंड करून देतो. सरांनी तेवढ्यावर पाणी सोडलं. ७०,५०० मधून १६,५०० गेले, ५४,००० मान्य झाले. व्याज मागायचं की नाही यावर आमच्यात मतभेद होते. मी म्हणत होतो मागावं. जून २०२४ च्या इर्डाईच्या परिपत्रकानुसार सर्व्हेयरचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा होता, इथे दोन्ही मुदती उलटल्या होत्या. सर म्हणाले, ‘राहू द्या, आज सही झाली म्हणजे झालं.’ दावा त्यांचा, निर्णय त्यांचा.

ट्रककडून काय मिळू शकतं

दोन्ही मिळून कंपनीकडून १,९४,००० आले. खिशातून गेले ८७,०००. हे सोडून द्यायचे असं बहुतेक जण गृहीत धरतात, कारण थर्ड पार्टी विमा म्हटलं की मृत्यू आणि जखमा एवढंच डोक्यात असतं. पण ट्रकने सरांच्या मालमत्तेचं नुकसान केलं आहे, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही चालतो. ट्रकच्या थर्ड पार्टी पॉलिसीत त्यासाठी साडेसात लाखांपर्यंत तरतूद असते. स्वतःच्या कंपनीने दिलेले पैसे दुसऱ्यांदा मागता येत नाहीत, न मिळालेले मागता येतात. ट्रकचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता हे एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून पुतण्याने पाच मिनिटांत शोधलं.

मुदत मात्र जपावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा आली आहे. लोकपालांकडचं संपायची वाट पाहत बसलो असतो तर ती निघून गेली असती, म्हणून हा अर्ज समांतर टाकला. तो साताऱ्यातच टाकला, कारण अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. इथे वकील लागतो, आणि ८७ हजारांच्या दाव्यासाठी उत्साहाने काम करणारा वकील मिळणं हे वेगळंच काम आहे. सरांना त्यांचा जुना विद्यार्थी भेटला.

जून २०२५ मध्ये पॉलिसीचं नूतनीकरण झालं. ३५ टक्क्यांवर असलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, दावा केल्यामुळे शून्यावर आला. नुकसान दहाबारा हजारांचं असेल तर बोनस घालवून दावा करावा का, याचा विचार म्हणूनच आधी करायचा असतो. इथे तो प्रश्नच नव्हता. झीरो डेप परत घेतलं, कंपनीने त्यासाठी गाडी तपासली. सोबत इंजिन प्रोटेक्टही. अपघातात ऑइल गळून इंजिनाचं पुढे होणारं नुकसान याच अॅड-ऑनमध्ये येतं. ते आधी असतं तर अट ४ चा वाद बहुधा उभाच राहिला नसता.

ट्रकच्या विमा कंपनीने साताऱ्यात आपलं म्हणणं दाखल केलं आहे. त्यांच्या मते सरांच्या गाडीने अचानक ब्रेक मारला. आता पुढच्या टेम्पोचालकाचा जबाब लागेल. त्याचा नंबर फोटोत आहे, आणि पुतण्याचं त्याच्याशी फोनवर बोलणंही झालं आहे. तो वाईचा आहे, यायला तयार आहे, फक्त भाजीच्या हंगामातली तारीख नको म्हणतो.